लगद्याचा कागद आणि तैलरंगांतले मुखपृष्ठ

अमेरिकेतील रहस्यकथेचा इतिहास लिहिताना लेखकांची नावे आधी येतात, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या मासिकांनी हे लेखक घडवले, त्यांच्या मुखपृष्ठांकडे पाहिल्याखेरीज त्या कथा इतक्या वेगवान, इतक्या हिंसक आणि इतक्या दृश्यमय का झाल्या हे पुरते उलगडत नाही, असे माझे मत या मासिकांचे जुने अंक वाचता वाचता पक्के झाले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने न्यूयॉर्कमधून निघणाऱ्या या ‘पल्प’ मासिकांचा आतला कागद बाजारात मिळेल तेवढा हलका असे आणि मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत कागदावर भडक रंगांत छापलेले असे. यामागे सरळ व्यापारी हिशेब होता.

फ्रँक मन्सी यांनी १८८२ मध्ये मुलांसाठी सुरू केलेले साप्ताहिक पुढे ‘अर्गसी’ या नावाने मोठ्यांचे झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी ते केवळ कथा-कादंबऱ्यांना वाहिलेले, लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या खरखरीत कागदावर छापलेले, १० सेंट किमतीचे मासिक केले. वाचकाला कथा हवी आहे, कागद नको, हा त्यांचा अंदाज अचूक ठरला. साधारण ७ इंच रुंद, १० इंच उंच, कडा न कापलेली सव्वाशेच्या आसपास पाने, हा साचा पुढे बहुतेकांनी उचलला. चांगल्या कागदावरची चकचकीत मासिके मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर जगत. पल्प मासिकांत जाहिराती असत त्या टपालाने शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांच्या आणि शरीर कमावण्याच्या उपायांच्या, आणि त्यांचे उत्पन्न बेताचेच असे. वर्गणीदारांचा आधारही फारसा नव्हता. म्हणजे मासिक जगायचे ते स्टॉलवरच्या विक्रीवर. तिथे डझनावारी अंक शेजारीशेजारी टांगलेले असत, गिऱ्हाईक घाईत असे आणि न खपलेला अंक प्रकाशकाकडे परत जाई. अशा ठिकाणी लेखकाच्या शैलीचा उपयोग अंक विकत घेतल्यानंतरचा. त्याआधीचे सगळे काम एका चित्राला करावे लागे.

केवळ गुप्तहेरकथांना वाहिलेले पहिले पल्प मासिक ‘डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन’ हे ऑक्टोबर १९१५ मध्ये ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या प्रकाशनसंस्थेने काढले. निक कार्टर या हेराच्या साहसकथांवर या संस्थेने १८८० च्या दशकापासून चांगला पैसा मिळवला होता आणि त्याच्याच कथांच्या साप्ताहिकाचे रूपांतर करून हे नवे मासिक उभे राहिले. जॉन कॉफलिन यांनी त्याची असंख्य मुखपृष्ठे रंगवली. ती आज पाहिली की त्यांच्या संयमाचे आश्चर्य वाटते. बरेचदा मोकळ्या पार्श्वभूमीवर एखादाच चेहरा किंवा एखादीच वस्तू असते आणि चित्र भित्तिपत्रकासारखे लांबून वाचता येते. कथाही त्या काळी तशाच होत्या: कोडे, पुरावा, उकल. १९२४ मध्ये मन्सी यांच्या संस्थेने ‘फ्लिन्स’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्याच्या संपादकपदी अमेरिकी गुप्तसेवेचे माजी प्रमुख विल्यम फ्लिन यांचे नाव घातले. हेच साप्ताहिक पुढे ‘डिटेक्टिव्ह फिक्शन वीकली’ म्हणून ओळखले गेले.

कथेचा बाज बदलला तो ‘ब्लॅक मास्क’ने. एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन या दोघांनी आपल्या ‘स्मार्ट सेट’ या वाङ्मयीन मासिकाला पैशाचा आधार मिळावा म्हणून एप्रिल १९२० मध्ये हे मासिक अवघ्या ५०० डॉलरच्या भांडवलावर काढले आणि आठ अंकांनंतर ते १२,५०० डॉलरला विकून टाकले. ज्या मासिकाकडे त्याच्या संस्थापकांनीच उपजीविकेचे साधन म्हणून पाहिले, त्याच मासिकात १९२३ मध्ये कॅरोल जॉन डेली यांचा पिस्तुलावर विसंबणारा रेस विल्यम्स अवतरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॅशिएल हॅमेट यांच्या निनावी खासगी हेराची पहिली कथा टोपणनावाने छापली गेली. १९२६ मध्ये संपादक झालेल्या जोसेफ शॉ यांनी या नव्या वळणाला शिस्त लावली. हॅमेट यांची ‘द मॉल्टीज फाल्कन’ ही कादंबरी सप्टेंबर १९२९ ते जानेवारी १९३० या काळात याच मासिकात क्रमशः आली, आणि रेमंड चँडलर यांची पहिली रहस्यकथा डिसेंबर १९३३ च्या अंकात. शॉ यांच्या काळातील आतल्या पानांवर आर्थर रॉडमन बोकर यांची लहान, काळीशार रेखाचित्रे असत. मुखपृष्ठांच्या झगमगाटात त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. मला मात्र ती त्या गद्याच्या सर्वांत जवळची वाटतात.

मग महामंदी आली. बेकारी वाढली, पण १० सेंटमध्ये मिळणाऱ्या सव्वाशे पानांची मागणी टिकून राहिली. हॅरी स्टीगर आणि हॅरॉल्ड गोल्डस्मिथ यांनी १९३० मध्ये स्थापन केलेल्या ‘पॉप्युलर पब्लिकेशन्स’ने १९३१ च्या अखेरीस ‘डाइम डिटेक्टिव्ह’ काढले आणि ‘ब्लॅक मास्क’च्या लेखकांना अधिक दर देऊन आपल्याकडे वळवायला सुरुवात केली. पल्प मासिकांचा सर्वसाधारण दर शब्दामागे १ सेंट होता. नाणावलेल्या लेखकांना स्टीगर याहून कितीतरी जास्त देत. १९३६ मध्ये शॉ यांना ‘ब्लॅक मास्क’ सोडावे लागले, तेव्हा चँडलरही ‘डाइम डिटेक्टिव्ह’कडे गेले.

याच वर्षांत मुखपृष्ठाची भाषा पूर्णपणे बदलली. मोकळ्या पार्श्वभूमीवरचा विचारमग्न चेहरा मागे पडला आणि तीन माणसांचा प्रसंग पुढे आला: संकटातली व्यक्ती, तिच्यावर चाल करून आलेला खलपुरुष आणि दारातून किंवा खिडकीतून नुकताच शिरलेला नायक. हे चित्र कसे तयार होई ते समजून घेण्यासारखे आहे. चित्रकार आधी लहान आकारात रंगीत कच्चे आराखडे करून प्रकाशनसंस्थेत नेई. त्यांतला एक पसंत झाला की साधारण ३० इंच उंच आणि २० इंच रुंद कॅनव्हासवर तैलचित्र रंगवले जाई. पुढे त्याच्या छायाचित्रावरून प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा बनवून ते छापत. अशा छपाईत रंगाच्या सूक्ष्म छटा टिकत नाहीत, हे चित्रकाराला ठाऊक असे. म्हणून तो पिवळ्याला निखळ पिवळा आणि लालाला निखळ लाल ठेवी, सावल्या एकसंध करी आणि प्रकाश एकाच बाजूने, बहुधा खालून किंवा दिव्याच्या झोतातून, आणी. ज्याला आज आपण भडकपणा म्हणतो, त्यातला पुष्कळसा भाग छपाईच्या मर्यादांचा नेमका अभ्यास होता.

त्याहूनही महत्त्वाची होती क्षणाची निवड. चांगल्या मुखपृष्ठावर गुन्हा घडून गेलेला नसतो आणि टळलेलाही नसतो. पिस्तूल वर उचललेले आहे, सुरा हवेत आहे, दोरीची गाठ अर्धी सुटली आहे. पुढे काय झाले हे कळण्यासाठी अंक घ्यावाच लागतो. या काळाकडे वळून पाहताना चँडलर यांनी १९५० मध्ये लिहिले होते की, काय करावे हे सुचेनासे झाले की हातात पिस्तूल घेतलेला माणूस दारातून आत आणावा. हे वाक्य लेखनतंत्राबद्दलचे म्हणून सांगितले जाते. पण ते शब्दशः त्या काळच्या मुखपृष्ठाचेही वर्णन आहे, आणि हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. महिन्यामागून महिना त्याच चित्रामागे आपले नाव छापले जात असताना लेखकाच्या मनातल्या प्रसंगांनी त्याच चौकटीचा आकार घेतला असणार.

चित्र आधी आणि कथा नंतर, असेही घडत असे. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘द शॅडो’चे आहे. स्ट्रीट अँड स्मिथने १९३० मध्ये आपल्या रहस्यकथा रेडिओवरून ऐकवायला सुरुवात केली. त्यातल्या निवेदकाचा गूढ आवाज लोकांना इतका आवडला की श्रोते स्टॉलवर जाऊन अस्तित्वातच नसलेले ‘शॅडो’ मासिक मागू लागले. नाव दुसऱ्या कोणी पळवण्याआधी अंक बाजारात आणण्याची घाई होती, म्हणून एप्रिल १९३१ च्या पहिल्या अंकासाठी संस्थेने आपल्याच जुन्या साठ्यातले, मॉडेस्ट स्टाइन यांनी १९१९ मध्ये ‘थ्रिल बुक’साठी केलेले चित्र काढले. त्या चित्रात एक चिनी पुरुष आणि त्याची भिंतीवर पडलेली सावली होती. सावली विषयाला अनुरूप होती. चिनी पुरुषाचे काय करायचे हा प्रश्न होता. ‘मॅक्सवेल ग्रँट’ या नावाने लिहिणाऱ्या वॉल्टर गिब्सन यांनी कादंबरीत चिनी वस्तीतला भाग घालून तो सोडवला. गिब्सन स्वतः जादूचे जाणकार होते, आणि ‘द शॅडो’च्या एकूण ३२५ कादंबऱ्यांपैकी २८२ त्यांच्या आहेत, मासिक महिन्यातून दोनदा निघू लागल्यावर त्यांचा वेग किती असेल याची कल्पना करता येते. पुढे जेरोम आणि जॉर्ज रोझेन या जुळ्या भावांनी या नायकाला काळी रुंद टोपी, गरुडासारखे नाक आणि लाल अस्तराचा झगा असे कायमचे रूप दिले. जॉर्ज रोझेन यांच्या मुखपृष्ठांवर नायक अनेकदा पूर्ण माणूस म्हणून येतच नाही. तो डोळे, हात आणि कापडाची एक मोठी वळणदार रेषा एवढाच असतो. पल्प मुखपृष्ठांतली माझ्या मते सर्वांत कल्पक चित्रे हीच.

या चित्रांची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १९३४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पायसी डिटेक्टिव्ह’ची ह्यू जोसेफ वॉर्ड यांनी केलेली मुखपृष्ठे रंगकामाच्या दृष्टीने अव्वल आहेत, आणि त्यांत स्त्रीचे स्थान जवळजवळ नेहमी फाटलेल्या वस्त्रातल्या भयभीत देहापुरतेच आहे. आशियाई माणूस दिसला की तो क्रूर आणि कारस्थानी असायचा, हाही ठरलेला साचा होता. विक्रीच्या दबावातून हे आले असे म्हणून त्याचे वजन कमी होत नाही, कारण स्टॉलवर टांगलेले हे चित्र अंक विकत न घेणाऱ्या मुलांनाही रोज दिसत होते. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या काळात अशा मासिकांविरुद्ध दबाव वाढला आणि १९४३ च्या सुरुवातीला ‘स्पायसी’ हे नाव जाऊन ‘स्पीड डिटेक्टिव्ह’ आले.

चित्रकारांपैकी अनेकांचे शिक्षण उत्तम झालेले होते. वॉल्टर बॉमहोफर ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते, नॉर्मन साँडर्स यांनी हार्वे डन यांच्या हाताखाली धडे घेतले होते. बहुतेकांची नजर चकचकीत मासिकांवर होती, कारण मान आणि पैसा तिकडे होता. बॉमहोफर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिकडे गेलेही. जॉन न्यूटन हॉविट हे निसर्गचित्रांसाठी नावाजलेले चित्रकार भयकथांच्या मुखपृष्ठांवर पूर्ण सही न करता केवळ एक आद्याक्षर घालत. पोटासाठी केलेल्या कामाची लाज वाटणे समजू शकते, पण त्या लाजेनेच पुढच्या पिढ्यांचे नुकसान केले.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, पाने घटली, आणि १९४३ मध्ये स्ट्रीट अँड स्मिथने आपल्या मासिकांचा आकार लहान केला. १९३९ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉकेट बुक्स’ने २५ सेंटला संपूर्ण कादंबरी देऊ केली होती, कॉमिक्सने तरुण वाचक नेला आणि मग दूरचित्रवाणी घरात आली. स्ट्रीट अँड स्मिथने १९४९ मध्ये आपली जवळजवळ सर्व पल्प मासिके एकदम बंद केली, त्यांत ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ही होते आणि ‘द शॅडो’ही. १९४० पासून पॉप्युलर पब्लिकेशन्सकडे आलेले ‘ब्लॅक मास्क’ १९५१ मध्ये थांबले, ‘डाइम डिटेक्टिव्ह’ १९५३ मध्ये. रुडॉल्फ बेलार्स्की, राफाएल डिसोटो आणि साँडर्स यांनी तोच प्रकाश आणि तोच थबकलेला क्षण कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांच्या वेष्टनांवर नेला.

हॅमेट आणि चँडलर यांचे साहित्य तोवर पुस्तकरूपाने ग्रंथालयांत पोहोचले होते. मूळ तैलचित्रांच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही. छापून झाले की चित्र प्रकाशकाच्या गोदामात जाई, जागा अपुरी पडली की टाकून दिले जाई; परत न्यायला सांगितले तरी अनेक चित्रकार येत नसत. जी वाचली त्यांचे श्रेय रॉबर्ट लेसर यांच्यासारख्या संग्राहकांना आहे. त्यांनी कोणी विचारत नव्हते त्या काळात ही चित्रे जमवली, २००३ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन भरले आणि पुढे हा संग्रह कनेटिकटमधील न्यू ब्रिटन म्युझियम ऑफ अमेरिकन आर्टला देण्यात आला.

भिंतीवर टांगलेल्या या मूळ चित्रांत वरचा मोठा पट्टा बहुधा रिकामा दिसतो. नायक चौकटीच्या तळाशी दाटीवाटीने उभा असतो आणि एका बाजूला नुसती सपाट सावली असते. ज्याने छापील अंक पाहिलेला नाही त्याला ही मांडणी तोल गेलेली वाटेल. वरचा पट्टा मासिकाच्या नावासाठी आणि बाजूची सावली लेखकांच्या नावांसाठी राखलेली असे. म्हणून अशा प्रत्येक चित्राशेजारी तो अंकही ठेवला जावा, अक्षरांसकट, किमतीसकट आणि शक्य असेल तर त्या महिन्याच्या कथेच्या पहिल्या पानासकट, अशी माझी आग्रहाची अपेक्षा आहे.