साठ किलोमीटरचा रोजचा रस्ता आणि प्लग नसलेली हायब्रिड

माझ्या गाडीच्या मागच्या दारावर ‘हायब्रिड’ अशी पाटी आहे, त्यामुळे ‘ही चार्ज कुठे करता?’ हा प्रश्न मला सोसायटीतले शेजारी, इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातले सहकारी आणि पेट्रोल पंपावरची मुलेसुद्धा विचारतात. या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही आहेत, पण तिला चार्जिंगचे तोंडच नाही. तिच्यातली सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. काही इंजिनाने थेट तयार केलेली, तर काही ब्रेक लावताना चाकांच्या गतीतून परत मिळवलेली. जी गाडी घरच्या विजेवर चार्ज करता येते आणि वीज संपल्यावर पेट्रोलवर धावते, ती प्लग-इन हायब्रिड, आणि माझ्या रोजच्या येण्याजाण्यासाठी नेमकी तीच योग्य ठरली असती असे माझे मत आहे. हे मत कशावरून बनले ते येथे मांडते.

प्रथम जी गाडी दारात आहे तिच्याविषयी. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही; जाणकार वर्णनावरून ओळखतीलच. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे आणि ते अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालते, म्हणजे हवा आत घेणारी झडप दाबाच्या फेरीतही थोडा वेळ उघडी राहते, त्यामुळे वायू जितका दाबला जातो त्यापेक्षा जास्त प्रसरण पावून काम करतो. अशा इंजिनाची ताकद कमी पडते, पण पेट्रोल कमी लागते, आणि सिग्नलवरून सुटताना जो जोर हवा असतो तो विजेची मोटर पुरवते. इंजिन, मोटर आणि जनरेटर हे तिघे ग्रहमाला पद्धतीच्या दातेरी चाकांनी जोडलेले असल्यामुळे क्लच नाही आणि नेहमीच्या अर्थाने गिअरही नाहीत. १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या प्रियस या हायब्रिड गाडीपासून चालत आलेली ही रचना आता इतकी मुरली आहे की इंजिन केव्हा सुरू झाले आणि केव्हा बंद पडले हे गाणी चालू असली तर कळतही नाही.

या सगळ्यात बॅटरी मात्र अगदी लहान आहे, जेमतेम पाऊण युनिटची. घराच्या वीजबिलात जे युनिट असते तेच हे युनिट. दीड टनाचा एसी तासाभरात याहून जास्त वीज खातो. त्यातही बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. प्लग-इन गाडीची बॅटरी ही मुदत ठेव मानली, तर माझ्या गाडीची बॅटरी म्हणजे महिनाअखेरीचे हातउसने पैसे आहेत.

इंदूरच्या टिळकनगरहून पिथमपूर जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होते. पहिला टप्पा शहरातला, पिपल्याहाना, तीन इमली, नवलखा, भंवरकुआँ असा. उच्च न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, काढण्याची परवानगी दिल्यापासून एबी (आग्रा-मुंबई) रोडचे रूप बदलत आहे, पण संध्याकाळी भंवरकुआँला जी गर्दी होते ती रस्ता रुंद झाल्याने कमी होईल, यावर माझा विश्वास नाही. मात्र हायब्रिडचे खरे पैसे याच टप्प्यात वसूल होतात. दर सिग्नलला गाडी थांबताना मोटर जनरेटर बनते, चार-पाच गाड्यांच्या मागून सरकताना इंजिन बंदच असते, आणि एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे तर विजेवर चालत असल्यामुळे उभ्या गाडीतही गारवा कमी होत नाही. शहरात लिटरला पंचवीस किलोमीटरपर्यंत मिळतात. मे महिन्याच्या दुपारी मात्र एसीच ती पाऊण युनिट वीज पाहता पाहता संपवतो आणि इंजिन उभ्या जागी सुरू होते.

राऊ ओलांडले की चित्र उलटते. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसे लागतच नाहीत, म्हणजे परत मिळवण्यासारखे काही उरत नाही, आणि ताशी शंभराने गेले तर सरासरी विसाच्या खाली येते. साध्या पेट्रोल गाडीचे गणित याच्या नेमके उलट असते, शहरात कमी आणि महामार्गावर जास्त, हे ठाऊक नसलेले लोक पुण्याहून परत आल्यावर कुरकुर करतात. अशा गाड्यांचा सरकारी चाचणीतला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. पण त्या चाचणीत वेगाची सरासरी ताशी सुमारे ३२ किलोमीटर धरलेली असते आणि एसी बंद असतो. माझ्या वाटेवर पिथमपुरातच नॅट्रॅक्सचे वाहन-चाचणी केंद्र आहे, २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक असलेले. काळ्या-पांढऱ्या नक्षीत झाकलेली, अजून बाजारात न आलेली गाडी त्या बाजूला दिसली की ती प्लग-इन असावी अशी आशा मी करते. आजवर मला तरी तसे कळलेले नाही.

लहान बॅटरीची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते ती माळव्यातून निमाडात उतरताना. आमचे पुण्याला जाणे वर्षातून अनेकदा होते आणि वाट आग्रा-मुंबई रस्त्यानेच आहे. मानपूरपासून धामनोदपर्यंत रस्ता सुमारे साडेतीनशे मीटर खाली उतरतो. माणसे आणि सामान धरून गाडी सोळाशे किलोची मानली, तर या उतारात जवळपास दीड युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेचा अवरोध आणि टायरचे घर्षण यांत जाते, पण उरलेली सगळी घेण्याइतकी जागाही आमच्या बॅटरीत नसते. अर्ध्या घाटातच ती भरते. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ अशी खूण असते. ती निवडली की पेट्रोल न जाळता इंजिन नुसतेच फिरवून गाडी वेग रोखते, आणि तेव्हा जो मोठा आवाज होतो त्याने शेजारी बसलेला माणूस घाबरतो. ब्रेक तापण्यापेक्षा तो आवाज कधीही चांगला. या रस्त्यावरच्या गणपती घाटाने ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांमुळे किती बळी घेतले आहेत, हे इंदुरात कोणाला सांगावे लागत नाही. इंदूरहून निघालेल्या प्लग-इन गाडीची बॅटरी मानपूरला पोहोचेपर्यंत बरीच रिकामी झालेली असेल आणि त्या पूर्ण उताराची वीज ती साठवू शकेल.

आता रोजच्या प्रवासाचा हिशोब. बाहेरच्या देशांत मध्यम आकाराच्या प्लग-इन गाड्यांची बॅटरी साधारण पंधरा ते वीस युनिटची असते आणि एका युनिटवर चार्जिंगची गळती धरूनही पाचेक किलोमीटर मिळतात, असे मानले तर माझा दिवस विजेवरच संपतो. इंदुरात पेट्रोल लिटरला १०६ रुपयांच्या आसपास आहे आणि माझी वर्षभराची सरासरी बावीस आहे, म्हणजे किलोमीटरला ४.८० रुपये पडतात. घरची वीज सगळे आकार मिळून युनिटला आठ रुपये धरली तरी विजेवरचा किलोमीटर १.६० रुपयांत होतो. नुसत्या नोकरीच्या प्रवासाचे वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर बचत ४८,००० रुपयांची होते. याचा दुसरा अर्थ असा की प्लग-इन गाडी माझ्या गाडीपेक्षा पाच लाखांनी महाग असेल, तर ती किंमत फिटायला दहा वर्षे लागतील. त्यापेक्षा जास्त महाग असेल, तर पैशांच्या हिशोबाने तो सौदा होत नाही.

आणि महाग ती असणारच, कारण आपल्याकडची करांची रचना तशी आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिड गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के कर बसला, आणि विजेवरच्या गाड्यांवर २०१९ पासून केवळ ५ टक्के राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले, तरी माझ्या गाडीच्या आकाराच्या हायब्रिडवर ४० टक्के आहेतच. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ करून पाहिला. प्लग-इन गाडी काही नवी नाही. चीनमधल्या बीवायडीने २००८ मध्ये आणि अमेरिकेत शेवरलेने २०१० मध्ये ती विक्रीला आणली होती. भारतात मात्र व्होल्व्होने बेंगळुरूला जोडणी सुरू केलेली एक्ससी९० किंवा बीएमडब्ल्यूची एक्सएम अशा, कोटीच्या आसपासच्या आणि त्याहून वरच्याच गाड्या रस्त्यावर आल्या. ज्यांना पेट्रोलच्या दराची फिकीर नाही, त्यांच्यासाठीच पेट्रोल वाचवणारी गाडी आली, यातला विनोद मला कडू वाटतो.

असे असूनही सरकारने सवलत हात आखडून दिली तर मी दोष देणार नाही, आणि याचे कारण युरोपचा अनुभव आहे. युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधन-मोजणी यंत्रणेचे आकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले. त्याआधी २०२२ च्या एका अभ्यासात खासगी मालकांच्या गाड्या सुमारे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर चालतात, तर कार्यालयाने दिलेल्या गाड्या अवघे ११ ते १५ टक्के, असे दिसले होते. यंत्रात फरक नव्हता. पेट्रोलचे बिल कंपनी भरते आणि विजेचे बिल घरी येते, म्हटल्यावर रात्री केबल कोण लावणार? चार्ज न केलेली प्लग-इन गाडी म्हणजे दीड-दोनशे किलोचे जास्तीचे ओझे वाहणारी पेट्रोल गाडी. माझ्या आताच्या गाडीचा मोठा गुण हाच, की मालकाकडून तिला कोणत्याही शिस्तीची अपेक्षा नाही. आळशी माणसाच्या हातीही ती तितकीच सरासरी देते. प्लग-इनचा सगळा लाभ मात्र रोज रात्रीच्या एका सवयीवर टांगलेला असतो.

नेमाने चार्ज करणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. टाकीतले पेट्रोल महिनोन्महिने तसेच पडून राहते. शेवरलेच्या व्होल्टमध्ये सुमारे सहा आठवडे इंजिन चालले नाही तर गाडी स्वतःहून ते फिरवून घ्यायची, आणि पेट्रोल वर्षाहून जुने झाले की ते जाळून संपवायची. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी शोषते, तेव्हा इथल्या चौमासात ही सोय अधिकच लागेल. टाकी अर्धीच भरून ठेवणे हा साधा उपाय.

मग निव्वळ विजेची गाडी का नाही, असे कोणीही विचारील, आणि रोजच्या साठ किलोमीटरसाठी तिच्याविरुद्ध माझ्याकडे एकही मुद्दा नाही. अडतो तो सहाशे किलोमीटरचा पुण्याचा रस्ता, तोही दिवाळीच्या गर्दीत, सासूबाई बरोबर असताना. धुळ्याच्या अलीकडे चार्जरपुढे रांगेत किती वेळ जाईल याचा अंदाज निघताना बांधता येत नाही आणि घरात दोन मोटारी ठेवण्याची आमची ऐपत नाही, जागा तर नाहीच.

जागेवरून पार्किंगचा विषय निघतो, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत गाडीपेक्षा तोच जास्त महत्त्वाचा आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. यजमानांनी विजेवरची स्कूटर घेतली तेव्हा आमच्याच मीटरवरून तळमजल्यावर १५ अँपिअरची स्वतंत्र तार आणून सॉकेट बसवले. सोसायटीची लेखी परवानगी, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), चांगले अर्थिंग आणि पावसाचे पाणी उडणार नाही अशी उंची, एवढ्या गोष्टी पाहिल्या. अशा सॉकेटमधून तासाला तीनेक युनिट मिळतात, म्हणजे प्लग-इन गाडीची पंधरा-वीस युनिटची बॅटरी पाच ते सात तासांत, रात्रीतून आरामात भरेल. तिला महामार्गावरचा जलद चार्जर कधीच लागणार नाही. मात्र वरचा एसी आणि खालची गाडी एकाच वेळी चालायची तर वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. आमच्या सॉकेटकडे पाहून इमारतीतल्या आणखी तिघांनी परवानगी मागितली आहे. मुख्य पॅनेलला चौघांचा भार झेपतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेऊनच होकार द्यायचा, असे मागच्या सभेत ठरले आहे.