मंगळवारचा ग्रुप

मंगळवार, रात्री

आजचा नव्या आयांचा ग्रुप दुपारी साडेबाराला संपायचा, पण एक वाजला तरी कुणी उठायला तयार नव्हतं.

मेलबर्नला ही सोय कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची. व्हिक्टोरिया राज्यात बाळ झालं की माता-बाल आरोग्य सेवेची नर्स आधी घरी येते. साडेतीन वर्षांपर्यंत अशा दहा भेटी, त्यातल्या सात पहिल्या वर्षातच, आणि सगळ्या फुकट. त्यातच आसपासच्या पहिलटकरणींचा ग्रुप जमवून देतात. बाळं साधारण एकाच वयाची, त्यामुळे कुणीच कुणापेक्षा शहाणं नाही. मला तेच आवडतं.

घरी तसं नाही. बाळंतपणाला आई आली होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, शेक, काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही तिने. पण बाळ रडलं की निकाल तयार: "दूध पुरत नाहीये गं त्याला." फोनवर सासूबाईंचंही तेच. ग्रुपमध्ये असा निकाल देत नाहीत. समोरची व्हिएतनामी मुलगी एवढंच म्हणाली, "माझीही संध्याकाळी पाच ते आठ रडते. मी बाथरूममध्ये नळ सोडून तिला घेऊन बसते." उपाय म्हणून फार ग्रेट नव्हे, पण माझं डोकं शांत झालं.

आज एकीने एडिनबरा स्केलचा विषय काढला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची यादी. सगळे प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दलचे. पहिलाच प्रश्न हसू येतं का, आणि शेवटचा स्वतःला इजा करावीशी वाटली का. (जास्त मार्क पडले तर काळजी, अशी ही एकच परीक्षा!) तिला जास्त पडले होते. बाळाच्या पाठीवर थापटत, मान वर न करता तिने ते सांगितलं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग शेजारचीने तिचं बाळ मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आधी चहा पी." नर्सने नंतर तिला मागे थांबवून घेतलं. नुसत्या गप्पांवर सोडून दिलं नाही, हे फार बरं झालं.

एक मात्र खटकतं. नाव पालकांचा ग्रुप, वेळ मंगळवारी सकाळी अकरा. बापांनी यायचं कसं? रात्री दोनला बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालणाऱ्या माझ्या नवऱ्याला आजवर कुणी "तू कसा आहेस?" विचारलेलं नाही. म्हणून आता नर्सची सत्रं संपली की शनिवारी बागेत भेटायचं ठरवलंय, नवऱ्यांना घेऊन. हा म्हणतो, "मी तिथे काय बोलू?"

म्हटलं, बोलू नकोस काही. डायपरची बॅग तेवढी तू भर.