पंधरा आले कुठून?

चौथीचा वर्ग माझ्याकडे नुकताच आला होता. फळ्यावर ५२ वजा २७ दिलं आणि वह्या तपासायला घेतल्या. अकरा वह्यांत उत्तर १५. एकदोघांचं चुकलं तर घाई म्हणता येते. अकरा जणांचं एकच चुकीचं उत्तर येतं तेव्हा त्यामागे शिकवणं असतं. डोकं तापलं आणि भर वर्गात विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" पोरांनी एका सुरात तिसरीच्या बाईंचं नाव घेतलं. बाई शेजारच्याच वर्गात होत्या. दार उघडं होतं.

पुढचे चार दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी स्टाफरूममध्ये शिरलो की त्या वह्या उचलून वर्गात जाऊन बसत.

पाचव्या दिवशी त्यांच्या ऑफ तासाला गठ्ठा घेऊन गेलो. आधी माफी मागितली. त्यावर काहीच न बोलता त्यांनी वही ओढून घेतली.

"सर, मी वरच्या एककाला दहा देते आणि खालच्या दशकात एक वाढवते. दोन्ही संख्या दहाने वाढल्या, फरक तोच. तुमच्या-माझ्या वयातलं अंतर दहा वर्षांनी बदलणार आहे का?"

म्हणजे १२ वजा ७, पाच. ५ वजा ३, दोन. पंचवीस! मी मात्र आल्या आल्या दशक सुटा करायला, म्हणजे वरच्याच दशकातून एक काढून एककाला दहा द्यायला शिकवलं होतं. मुलांनी माझं ऐकून वरच्या ५ चे ४ केले, बाईंचं आठवून खालच्या २ चे ३ केले. ४ वजा ३, एक. मुलांनी आम्हा दोघांचंही ऐकलं होतं.

बाईंनी मग १००३ वजा ४५८ मांडलं. माझ्या पद्धतीत शून्यं ओलांडत थेट हजारापर्यंत जावं लागतं आणि मुलं तिथेच अडखळतात. त्यांच्या पद्धतीत कुठेच थांबावं लागत नाही. इतकी वर्षं गणित शिकवतोय, हे मला कधी दिसलं नव्हतं.

आमच्या बैठका परिपत्रकं वाचण्यात संपतात. वर्ग हाती देताना हजेरीपट, गुणपत्रकं सगळं सहीनिशी दिलं जातं. हातचा कसा शिकवलाय हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

गठ्ठा चाळताना बाईंचं बोट एका वहीवर थांबलं. उत्तर २५, सगळं त्यांच्या पद्धतीनं. खाली माझा लाल शेरा: 'पद्धत चुकीची'. मी तो खोडला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी बाईंना वर्गात बोलावलं आणि मुलांसमोरच सांगितलं की पद्धत बरोबर होती, मी न विचारता बोललो. बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली आणि दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडल्या.

आता आम्ही दर आठवड्याला वह्या घेऊन बसतो. पण त्या वहीवाली मुलगी अजूनही, मी बाकाजवळ गेलो की, वजाबाकीवर हात आडवा धरते.