मास्टर चीफशिवायचा 'हेलो'

'हेलो' या व्हिडिओ गेम मालिकेतील मुख्य गेम्समध्ये खेळाडू मास्टर चीफ असतो, म्हणजे असा महायोद्धा की ज्याची ऊर्जाढाल क्षणभर आडोशाला थांबताच पुन्हा भरते. बंजी या स्टुडिओने २००९ मध्ये एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठी आणलेल्या 'हेलो ३: ओडीएसटी'मधून हा नायकच वगळला आहे. त्याच्या जागी येतो 'रूकी', संपूर्ण गेममध्ये एक शब्दही न बोलणारा, कक्षेतून थेट रणांगणात उतरणाऱ्या 'ओडीएसटी' पथकातला साधा सैनिक, ज्याला दोन हातांत दोन बंदुका पेलत नाहीत आणि खोल जखम भरून काढण्यासाठी मेडकिट शोधावे लागते. शत्रू जुनेच आहेत. पण ब्रूटांची, म्हणजे धिप्पाड परग्रहवासी शत्रूंची, टोळी दिसली की लढावे की गुपचूप गल्ली बदलावी, हा प्रश्न या मालिकेत पहिल्यांदाच इतक्या गांभीर्याने पडतो.

कथा २५५२ सालच्या केनियातील न्यू मोम्बासा शहरात घडते. आकाशातून उतरतानाच पथक विखुरते आणि रूकी काही तासांनी शुद्धीवर येतो, तेव्हा रात्र झालेली असते व ओस पडलेल्या रस्त्यांवर शत्रूची गस्त असते. तारांत लटकलेली वाकडी स्नायपर रायफल, बायोफोमचा (जखमेत भरायच्या औषधी फेसाचा) डबा अशी एखादी वस्तू सापडते आणि आपण तिच्याशी जोडलेल्या साथीदाराने दिवसा लढलेल्या लढाईत जाऊन पोहोचतो. यांतील बऱ्याचशा लढायांचा क्रमही आपणच ठरवायचा असतो. शहराचा कारभार पाहणारी 'सुपरिंटेंडंट' ही कृत्रिम बुद्धिमत्ता पाट्या आणि दिव्यांतून वाट सुचवते, तर शोधणाऱ्यालाच सेडी नावाच्या मुलीची कहाणी ध्वनिमुद्रणांच्या तुकड्यांतून ऐकायला मिळते. मार्टिन ओ'डॉनेल आणि मायकल साल्व्हाटोरी यांचा सॅक्सोफोन या सगळ्याला जुन्या गुप्तहेरकथेचा रंग देतो, आणि मला तर तो मालिकेच्या गाजलेल्या समूहगानाहून अधिक भावतो.

दिवसाच्या लढाया चोख आहेत, त्यांतले सैनिकांचे संवाद खुसखुशीत आहेत, परंतु रणगाडा मिळाला की आपण पुन्हा ओळखीच्याच 'हेलो'मध्ये असतो. तिथे बंजीने प्रयोगापेक्षा सवयीवर अधिक भरवसा ठेवला, असे माझे मत आहे. मुळात लहानशी जोडकथा म्हणून आखलेला हा गेम पूर्ण किमतीला विकला गेला, त्यामुळे त्याच्या कमी लांबीबद्दल तक्रारी झाल्या, आणि त्या रास्तही होत्या. मात्र लांबी वाढवायचीच होती, तर दिवसाची आणखी एक लढाई नव्हे, रात्रीचे आणखी काही मोहल्ले हवे होते.