धार लावायला शिकले, आता पाट करायचाय

रविवार, रात्री उशिरा

आजची सगळी सकाळ पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं सपाट पात्याचं हत्यार, पाजवण्यात गेली. लाकूड हातात घेतलंच नाही म्हटलं तरी चालेल, आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीय. उलट माझं मत असं झालंय की सुतारकामाच्या कुठल्याही शनिवार-रविवारच्या वर्गात पहिला अख्खा दिवस धारेलाच द्यायला पाहिजे. लोकांना घाई असते, संध्याकाळी घरी जाताना हातात काहीतरी पाहिजे, एखादा चमचा, एखादी ट्रे, फोटो काढायला बरं पडतं. खरं बोथट पटाशीनं केलेला चमचा म्हणजे नुसती झटापट, त्यात हात काहीच शिकत नाही, फक्त दमतो.

वर्ग बेळगावकडच्या खानापूरच्या अलीकडं एका खेड्यात आहे, मेस्त्रीमामांच्या स्वतःच्या शेडमध्ये. वरती पत्रा, तिन्ही बाजूंनी मोकळं, एका कडेला फळ्या रचून ठेवलेल्या, मधे मधे बारीक पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळायला. मामा म्हणतात एक इंच जाडीची फळी सावलीत वाळायला वर्ष धरायचं, दोन इंच असली तर दोन वर्षं. एवढं आता कोण थांबतंय, भट्टीत वाळवून आणतात, त्यात चूक काय नाही, खरं मामांच्याकडची फणसाची फळी ज्या फुरसतीत वाळलीय ते बोट लावलं तरी कळतं.

आम्ही थोडीच माणसं आहोत. एक निवृत्त मास्तर आहेत वडगावचे, एक बैलहोंगलची अक्का आहे जिला मराठी समजतं खरं ती बोलते कन्नडातच, एक पोरगा गोव्यात नोकरीला आहे तो शुक्रवारी रात्री येऊन आपल्या आईकडं राहतो, आणि मी. मामा दोन्हीकडं बोलतात, एका वाक्यात सुरू करतात मराठीत आणि संपवतात कन्नडात, आणि कुणाचं काही अडत नाही.

तर धार. मला आधी वाटायचं दगडावर घासलं की झालं. तसं नाहीय. पटाशीच्या उताराला, म्हणजे धारेकडच्या तिरक्या भागाला, साधारण 25 अंश ठेवतात आणि अगदी टोकाला जरा जास्त, 30 च्या आसपास, म्हणजे टोक फार पातळ होऊन तुटत नाही. दगडावर तेलाचे दोन थेंब, उतार पूर्ण टेकवायचा, मग कोपरं अंगाला लावून ठेवायची आणि हलायचं ते कमरेतनं. मनगट हललं की उतार गोल होतो. मामा माझ्या मागं उभे राहून नुसतं बघत होते आणि अधूनमधून म्हणायचे, "दाबू नका ओ ताई, दगडाला त्याचं काम करू दे." घासत राहायचं, मग पात्याच्या सपाट बाजूनं अंगठा धारेकडं हळूच न्यायचा, तिथं बारीकशी खरखर लागते. ती खरखर अख्ख्या रुंदीभर एकसारखी लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. एका कोपऱ्यात लागत नसली तर त्या कोपऱ्यात अजून काम बाकी आहे. मग पातं उलटं करून सपाट बाजू एकदम आडवी ठेवून दोन-चार वेळा ओढायची, नंतर चामड्याच्या पट्ट्यावर. आणि पारख कशी करायची, तर पांगाऱ्याचा मऊ तुकडा घ्यायचा, त्याच्या कापलेल्या टोकावर, म्हणजे जिथं रेषा उभ्या येतात तिथं, पटाशी हातानंच ढकलायची. बोथट असली तर लाकूड चुरगळतं आणि पांढरट दिसतं. चांगली असली तर कापलेला भाग चमकतो. माझा चमकला. मास्तरांनी चष्मा वर करून बघितला आणि "आता लागली" म्हणाले.

ग्राइंडरवर मामा पटाशी फारशी चढवत नाहीत, कधी धारेला दात पडला, म्हणजे टवका उडाला, तरच, आणि तेव्हा पण सारखं पाण्यात बुडवत. कारण पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं, मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. त्यांनी एक असं पातं मुद्दाम जपून ठेवलंय दाखवायला, टोकाला निळी झाक असलेलं. आणि सागाचं एक सांगितलं, सागात वाळूसारखं काहीतरी असतं म्हणून तो दिसायला मऊ असला तरी हत्याराची धार लवकर खातो. त्याला सिलिका म्हणतात हे मला नंतर कळलं. मामांना ते हातानं माहीत होतं.

भाऊजी काल घरी आले होते, म्हणाले चार सुट्ट्यांत काय सुतार होतंय व्हय माणूस. मी तेव्हा चहा करायच्या गडबडीत होते म्हणून काही बोलले नाही, खरं रात्री बराच वेळ विचार करत बसले. सुतार होत नाही, हे बरोबरच आहे. मामा लहानपणापासून वडलांच्या हाताखाली बसलेत, नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं, सगळं बाभळीचं, गावात सुगी झाली की घरोघरी जाऊन बलुतं आणायचं. ते अंगात मुरलेलं शनिवार-रविवारात कुणाला मिळणार. खरं मला मिळालंय ते पण खोटं नाहीय. हाताच्या कामात थोड्याच गोष्टी अशा असतात ज्यांच्यावर बाकीचं सगळं उभं राहतं, धार, मापाची खूण, आणि लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूला पळतायत ते ओळखणं. ह्या तीन गोष्टी समोर बसून, हात धरून, जो रोज करतो त्याच्याकडून शिकल्या, तर पुढं घरात बसून स्वतःचं स्वतः वाढवता येतं. व्हिडिओ बघून ते होत नाही, मी बघितलेत भरपूर. व्हिडिओत दाबाचा अंदाज येत नाही आणि आवाज पण खरा येत नाही. रंधा बरोबर चालला की एक लांब सूं असा आवाज येतो आणि उलटा चालला की खड्ड्यात गेल्यासारखा थडथड, मामा पाठ करून उभे असले तरी त्या आवाजावरनं ओरडतात.

रेषांचं काल झालं. फळी आडवी धरून तिच्या कडेला बघायचं, रेषा ज्या दिशेला वर चढत जातात त्या दिशेनं रंधा मारायचा. उलट मारला की लाकूड उपटून येतं. आणि गाठ आली की तिच्या अलीकडं एक दिशा आणि पलीकडं दुसरी, तिथं पातं अगदी कमी बाहेर काढून तिरकं जायचं. मी काल फणसाची फळी रंधली, पिवळीधम्मक निघते ती आतनं, मामा म्हणाले वर्ष-दोन वर्षांत तपकिरी होईल बघा, फणस उन्हा-हवेनं पिकत जातो.

मामा स्वतः खाली बसून काम करतात. आमच्यासाठी त्यांनी टेबलं केलीत, वाइस लावलेत, खरं त्यांचं स्वतःचं काम जमिनीवर, लाकूड दोन्ही पायांच्या बोटांत धरून. पायानं लाकूड कधी किती सैल सोडायचं आणि कधी आवळायचं हे त्यांचं त्यांनाच कळतं. मी अर्धा तास नुसतं तेच बघत होते.

आज दुपारी जेवणानंतर पाटाचं काम समजावलं, ते लिहून ठेवते कारण पुढच्या वेळी तेच करायचंय. आमच्या घराचं मागचं दार दर आषाढात अडतं, हे मी लहानपणापासून बघतेय, नागपंचमीपर्यंत ढकलून उघडायचं आणि मार्गशीर्षात परत फट पडते. मामांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की लाकूड पावसाची दमट हवा पिऊन फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. आता पाटाची फळी बघा, रुंदी तिची वर्षभर कमी-जास्त होत राहणार, आणि खालच्या दोन आडव्या पट्ट्या तिच्या रेषांना आडव्या बसतात, त्या हलणार नाहीत. मग पट्ट्या खिळ्यांनी घट्ट ठोकल्या तर फळी जाणार कुठं, ती चिरते. बाजारातले पाट दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध फाटतात ते ह्यामुळं. म्हणून जुने सुतार फळीला तळाशी खाच मारायचे, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, पट्टी पण त्याच मापाची तासून कडेनं आत सरकवायची. खाली पडत नाही, निघत नाही, खरं फळीला फुगायला-आकसायला जागा राहते. डिंक लावायचाच तर फक्त मधे एक ठिपका. आमच्या आजीचा पाट मी घरी येऊन उलटा करून बघितला, तसाच आहे, एक पण खिळा नाही. एवढी वर्षं त्यावर बसून जेवलो आणि कधी खाली बघितलं नव्हतं. कुणी केला असेल कुठं की.

हे ज्ञान गेलं तर परत कुठनं आणायचं असा प्रश्न पडतो मला, आणि मी हे उगाच भावनेच्या भरात म्हणत नाहीय. आपला भाग हाताच्या कामाचा आहे. गोकाकची लाकडी खेळणी आणि फळं, आंबोली घाट उतरलं की सावंतवाडीची रंगीत खेळणी आणि गंजिफा, शहापूर-वडगावचे माग, खानापूरची कुंभारकामाची माती, हुदलीची खादी. 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव, त्यात तर पक्षाचं सभासद व्हायला महिन्याला 2000 वार सूत द्यायचं ठरलं होतं. स्वतः कातलेलं नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं चालायचं, खरं वर्गणी सुताची. हातानं काहीतरी करणं ही त्या लोकांना एवढी मोठी गोष्ट वाटत होती. मी टिळकवाडीतनं जाताना त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीपाशी आता हे आठवतं.

मामांच्या पुतण्याला केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण मिळालं, 2023 ला सुरू झालेली ती, सुतार, लोहार, कुंभार धरून 18 धंदे आहेत तिच्यात. पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी 15000. त्यातनं त्यानं ड्रिल आणि कटर घेतलं, चांगलंच केलं, त्याला खिडक्या-दारांची कामं वेळेत द्यायची असतात. म्हणजे थोड्या दिवसांचं शिक्षण हे नुसतं आमच्यासारख्या हौशी लोकांचं फॅड नाही, सरकार पण कारागिरांसाठी तेच करतंय. फक्त मला वाटतं की अशा ठिकाणी शिकवायला मामांसारखी माणसं बोलवावीत आणि पैसे देऊन बोलवावीत. एका ठिकाणी त्यांना प्रात्यक्षिकाला नेलं होतं, दिवसभर उभं केलं, शाल-नारळ दिला आणि परतीचं गाडीभाडं पण त्यांच्याच खिशातनं गेलं. शिकवणं हे काम आहे. ज्या दिवशी ते आम्हाला शिकवतात त्या दिवशी त्यांचा देव्हारा अर्धा पडून राहतो. आम्ही फी देतो ती थेट त्यांच्या हातात देतो, मधे कोण नाही, आणि मला हीच पद्धत बरोबर वाटते.

आता एक गोष्ट लिहायचीच आहे. मामांची सूनबाई. ती दोन्ही दिवस आम्हाला चहा आणून देते, झुणका-भाकरी तीच करते, आणि देव्हाऱ्यांचं पॉलिशपेपर मारायचं, पॉलिशचं सगळं काम तीच करते, वर्षानुवर्षं. खरं पटाशी तिनं कधी धरलेली नाही, त्या घरात बायकांनी हत्याराला हात लावायची रीतच नव्हती. आज सकाळी मी धार लावत होते तेव्हा ती चहाचे कप घेऊन तिथंच थांबली. मी म्हटलं बस की. ती मामांच्याकडं बघायला लागली. मग मला म्हणाली, "अक्का, पॉलिश मारताना मला कळतंय कुठं रंधा उलटा गेलाय ते, हाताला लागतंय. खरं सांगायचं कुणाला." हे ऐकून मी पटाशी खालीच ठेवली. जिच्या हाताला एवढं कळतं ती शेडच्या कडेला उभी, आणि मी बेळगावातनं फी भरून येऊन मधे बसलेली.

मामांना मी सरळ विचारलं, आमच्या बरोबर तिला पण बसवा की, तिची फी मी देते. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत, फळीवरची सालपं झाडत राहिले, मग म्हणाले, "घरच्या माणसाची कसली फी घ्यायची ताई." मी म्हटलं मग तर फारच सोपं झालं. बैलहोंगलची अक्का कन्नडातनं काहीतरी बोलली, सगळं नाही समजलं, खरं मामा हसले आणि मान डोलावली.

पुढच्या शनिवारी जेवण आम्ही सगळे घरनं डबे घेऊन यायचं ठरवलंय, म्हणजे सूनबाई सकाळपासून मोकळी राहील. मास्तर चटणी-भाकरी आणणार, गोव्याचा पोरगा म्हणाला आई मासे देईल, बैलहोंगलची अक्का शेंगाहोळी, म्हणजे शेंगदाण्याच्या पोळ्या, आणतेय. मला बाजारातनं एक इंची दोन पटाश्या घ्यायच्या आहेत, एक माझी आणि एक तिची, मामांनी सांगितलंय की लाकडी मुठीची घ्या आणि मुठीला लोखंडी कडं असू दे, नाहीतर मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, ठोकताना फुटते. ती पहिल्यांदा धारेवर बसणार आणि मी खाचेवर.