बोरोदिनच्या थडग्यावरची स्वरलिपी

सेंट पीटर्सबर्गमधल्या तिसऱ्या दिवशी सकाळीच मेट्रोनं अलेक्सांद्र नेव्स्की मठाकडे गेले आणि तिकीट काढून तिख्विन दफनभूमीत शिरले. संगीतकार चायकोव्स्कीच्या थडग्यापाशी गर्दी होती, ताजी फुलंही होती. मी मात्र आले होते एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या रशियन संगीतकारासाठी, बोरोदिनसाठी.

त्याच्या अर्धपुतळ्यामागे सोनेरी मोझेइक आहे आणि त्यावर चक्क स्वरलिपी. पाश्चात्त्य नोटेशन मी अडखळतच वाचते. बोटानं रेघा मोजत गेले आणि अचानक ओळख पटली. त्याच्या 'प्रिन्स इगोर' या ऑपेरातल्या पोलोव्त्सी (एका भटक्या जमातीच्या) नृत्यांतली मुलींच्या नाचाची सुरावट! तिथेच थबकले.

हा माणूस पेशानं रसायनशास्त्राचा प्राध्यापक. सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा, विद्यार्थी, शिवाय स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावं म्हणून धडपड. संगीत लिहायला वेळ मिळायचा तो बहुधा आजारपणात, घरी पडून असताना. 'प्रिन्स इगोर' त्यानं 1869 साली हातात घेतला आणि 1887 साली बोरोदिन गेला तेव्हाही ऑपेरा अपुराच होता.

त्याचे संगीतकार मित्रही असेच, दुसरा पेशा असलेले. मुसोर्गस्की आधी लष्करात, मग सरकारी कारकून. क्युई तटबंदीशास्त्रातला लष्करी इंजिनियर. रिम्स्की-कोर्साकोव नौदलात. या सगळ्यांना बालाकिरेवनं एकत्र आणलं. दरबारात तेव्हा इटालियन ऑपेराचा थाट होता. चर्चमध्ये वाद्यांना मज्जाव, तिथे फक्त कंठ. आणि गावोगावची गाणी शेतकऱ्यांच्या तोंडी. ही गाणी ऑपेराच्या मंचावर मानानं आणली आधीच्या पिढीतल्या संगीतकार ग्लिंकानं, 1836 साली. 'ही तर गाडीवानांची गाणी' म्हणून काही उमरावांनी नाकं मुरडली. याच गाडीवानांच्या गाण्यांतून पुढच्या पिढीचं सगळं वैभव उभं राहिलं, असं माझं ठाम मत आहे.

1862 साली अंतोन रुबिन्स्टाइननं इथे संगीत महाविद्यालय काढलं. रीतसर शिक्षण, परीक्षा, पदवी. चायकोव्स्की तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. बालाकिरेवच्या मंडळींना हा जर्मन शिस्तीचा कारखाना वाटायचा. तरी 1871 साली त्याच महाविद्यालयानं सत्तावीस वर्षांच्या रिम्स्की-कोर्साकोवला प्राध्यापक म्हणून बोलावलं. हार्मनीचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचं, रीतसर शिक्षण त्याला मिळालं नव्हतं. तो रात्री अभ्यास करायचा आणि दिवसा वर्गात शिकवायचा. गुरू झाल्यावर शिष्य होणं, तेही इतक्या प्रामाणिकपणे, हे मला फार मोठं वाटतं.

आदल्या दिवशी झागोरोद्नी रस्त्यावरचं रिम्स्की-कोर्साकोवचं घर पाहिलं होतं. शेवटची पंधरा वर्षं तो तिथे राहिला. आता तिथे संग्रहालय आहे. बैठकीच्या खोलीतल्या बेकर पियानोवर स्त्राविन्स्की आणि रखमानिनोव्ह वाजवून गेलेत, शाल्यापिन तिथे गायलाय. मी त्या पियानोपासून चार हातांवर उभी होते आणि मन भरून आलं होतं. पण त्याहून जास्त वेळ उभी राहिले ते अभ्यासिकेतल्या टेबलापाशी. मुसोर्गस्की 1881 साली गेला, अर्धवट कागद मागे ठेवून. ते यानंच निस्तरले. बोरोदिन गेल्यावर 'इगोर'ही यानं आणि तरुण संगीतकार ग्लाझुनोवनं मिळून पुरा केला, आणि 1890 साली तो मारिन्स्की थिएटरात रंगला. मुसोर्गस्कीचे खडबडीत स्वर यानं नको तेवढे घासूनपुसून गुळगुळीत केले, ही टीका मला पटते. मुसोर्गस्कीचा मूळ 'बोरिस गोदुनोव' हा ऑपेराच मला जवळचा वाटतो. पण मित्रांच्या कागदांवर आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवणारा दुसरा कोण होता?

1908 साली रिम्स्की-कोर्साकोव गेला तेव्हा त्याला शहरातल्या दुसऱ्याच दफनभूमीत पुरलं होतं. 1930च्या दशकात इकडे आणलं. आता मुसोर्गस्की, बोरोदिन, बालाकिरेव आणि तो, सगळे हाकेच्या अंतरावर. त्याच्या थडग्यावर जुन्या नोव्हगोरोदी धाटणीचा दगडी क्रूस आहे. त्यावर हात ठेवला, गार लागला. मग परत मोझेइकपाशी गेले आणि ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणून पाहिली. या वेळी अडखळले नाही.