तुम्ही विचारलंत म्हणून: सोनीचा कॅमेरा का नाही घेतला?

"सर, सगळे सोनी घ्यायलेत, तुम्ही कॅनन कामून घेतला?"

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सेलूच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना आणि एकदा तर सासरवाडीत दहाव्याला बसलेलो असताना विचारला गेलाय. दर वेळी मी उत्तर सुरू करतो आणि दर वेळी समोरचा मधेच तोडतो, "पण व्हिडिओला सोनीच ना?" झालं. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. आपण जे घ्यायचं ठरवलंय त्यावर माझा शिक्का हवा असतो. तेही चालेल, पण परवा एका माजी विद्यार्थ्यानं "सरांना दुकानदारानं गुंडाळलं" असं चारचौघांत सांगितलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मला कुणी गुंडाळलेलं नाही. दुकानात जायच्या आधीच ठरलं होतं.

आधी मान्य करायचं ते मान्य करतो, म्हणजे वाद लांबणार नाही. सोनी झेडव्ही-ई १० आणि कॅनन ईओएस आर ५० यांच्या फोटोंत साध्या डोळ्याला दिसेल असा फरक नाही. दोन्हींचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) एपीएस-सी नावाच्या मापवर्गातला, दोन्ही २४.२ मेगापिक्सेल. सोनी आला जुलै २०२१ मध्ये, कॅनन फेब्रुवारी २०२३ मध्ये. बॅटरी आणि कार्ड घालून सोनी ३४३ ग्रॅम, कॅनन ३७५, म्हणजे फरक एका पेढ्याचा. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी सावरून घ्यायची सोय, दोघांतही नाही, जे आहे ते कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्समध्ये. धुळीपासून संरक्षण दोघांनाही नाही, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ कॅमेऱ्याची कंपनी बघून बसत नाही. मी घेतला तेव्हा किमतीही उन्नीस-बीस होत्या.

मी गणिताचा मास्तर. रकाने आखल्याशिवाय मला साधी सायकल घेता येत नाही. वहीत दोन रकाने केले आणि रात्री ट्यूबलाइटखाली बसून गुण दिले. सोनीला हेडफोन लावायची सोय आहे, कॅननला नाही. सोनीच्या माथ्यावर तीन कॅप्सूलचा माइक आहे, वाऱ्याचा आवाज अडवायला त्याची केसाळ टोपी डब्यातच मिळते. सोनीची ई माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, २०१० पासूनची, आणि २०११ मध्ये कंपनीनं तिची माहिती इतरांना खुली केली, त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स हव्या तेवढ्या. कॅननच्या आरएफ माउंटसाठी या दोघांच्या लेन्स येणार हे जाहीर व्हायलाच एप्रिल २०२४ उजाडला. कॅननच्या बाजूला काय? वर उघडणारा छोटा फ्लॅश, सेकंदाला ३० फ्रेमला कडा न कापता फोरके (जास्त बारकाव्याचा) व्हिडिओ, आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, जी सोनीला नाही. सोनी ३० फ्रेमला कडा कापतो, पण २५ ला नाही, म्हणून तो मुद्दा मी अर्धाच धरला. आणि व्ह्यूफाइंडरपुढे वहीत जे लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: "सवयीचा प्रश्न. मोबाईलवाल्यांना गरज नाही. अर्धा गुण."

सोनी जिंकला. वही अजून आहे, येऊन बघा.

माझे वडील स्टुडिओवाले. यशिकाच्या फिल्म कॅमेऱ्यावर संसार केला त्यांनी. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, तेरावा मागणाऱ्याला पुढच्या रोलपर्यंत थांबायला सांगायचे. त्यांना मी मित्राचा सोनी दाखवायला नेला तेव्हा मनाची तयारी करून गेलो होतो की ते म्हणणार, डोळा लावायला जागा नाही तो कॅमेरा कसला. ते म्हणाले भलतंच.

"आमच्या यशिकाला तरी कुठं डोळा लावत होतो? छातीशी धरायचा आन् वरून बघायचं. पण झाकण उघडलं की चारी बाजूंनी पत्रे उभे राहायचे. काच त्यांच्या सावलीत. तुझ्या ह्या काचेला सावली कोण देणार?"

मी म्हटलं, ब्राइटनेस वाढवता येतो, त्यात 'सनी वेदर' म्हणून सेटिंगच आहे. ते "बरं" म्हणाले. त्यांचं बरं ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.

आता वालूर. हे सविस्तर सांगणार आहे, कारण सगळं तिथंच ठरलं.

वालूर आमच्याच सेलू तालुक्यातलं गाव. तिथली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, चक्राकार आहे, पायऱ्या सरळ खाली न उतरता गोल फिरत जातात. गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली. एप्रिलचा रविवार होता, लग्नाची तिथी नव्हती, म्हणून शूटिंगचा धंदा करणारा मित्र मोकळा होता. तो त्याचा सोनी घेऊन आला. आर ५० भाच्यानं त्याच्या मित्राकडून आठवडाभरासाठी आणून दिला होता. दोन्हींवर किट लेन्स. मला बारवा, मंदिरं, घरचे कार्यक्रम एवढंच काढायचं असतं, तेव्हा परीक्षाही तिथंच.

तळाशी उतरलो आणि कॅनन तिथंच हरला. सोनीची लेन्स १६ मिलिमीटरपासून सुरू होते, कॅननची १८ पासून; आकडा जितका लहान तितकं चौकटीत जास्त मावतं. वहीत हा फरक मी "किरकोळ" लिहिला होता. त्यात कॅननचा सेन्सर थोडा लहान, त्याला १.६ नं गुणायचं, सोनीला १.५ नं. म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबानं एक २४ आणि दुसरा जवळजवळ २९. कागदावर पाचाचा फरक. बारवेत पाठ दगडाला टेकलेली असते, मागं सरकायला इंचभर जागा नसते, तेव्हा या पाचात पायऱ्यांची अख्खी एक बाजू जाते. सोनीत सगळं चक्र एका चौकटीत आलं. कॅननमध्ये उजवी बाजू कापली. मित्र म्हणाला, "झालं की मग, सर. मोजा पैसे."

शाळेत कार्यालयाबाहेर जो फोटो लावलाय तो हाच. होय, ज्याच्याकडे बोट दाखवून तुमच्यातले काहीजण "कॅननचा कलरच वेगळा" म्हणतात, तो सोनीतला आहे. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. आज करतोय.

वर आलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. एक आजोबा काठावर उभे होते, डोक्याला पांढरा पटका. गाळ काढताना घमेली वाहिली म्हणाले, आणि हुकूमच सोडला, "माझा एक काढ. मागं पायऱ्या आल्या पाहिजेत." माझ्या हातात सोनी होता. उचलला आणि स्क्रीनवर मला दिसलं माझं नाक, चष्मा आणि शर्टाचं वरचं बटण. 'सनी वेदर' आधीच लावलेलं होतं. डाव्या हाताचा पंजा आडवा धरला, तर कॅमेरा एका हातात हलायला लागला. मित्रानं टोपी काढून स्क्रीनवर धरली. तिच्या सावलीत एक पांढरा ठिपका दिसला, तोच पटका असावा. मित्र म्हणाला, "बघू नका, दाबा. डोळ्यावर फोकस तो आपोआप घेतोय." दाबलं.

"दाव बरं," आजोबा म्हणाले.

मी स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. त्यांनी मान पुढं केली, मागं घेतली. "ह्यात तर मीच दिसायलोय."

मित्र खुशीत, "मग! तुमचाच फोटो हाय, बाबा."

"फोटो न्हाई म्हणलो मी. आरसा हाय हा. म्या मान हलवली की हे बी हलायलंय."

आम्ही हसलो, ते हसले नाहीत. मग कॅनन घेतला, डोळा लावला, आणि एप्रिलच्या उन्हात अंधाऱ्या खोलीतून खिडकीबाहेर बघावं तसं सगळं स्वच्छ दिसलं. फोटो काढला आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावला. काढलेला फोटो व्ह्यूफाइंडरमध्येही बघता येतो हे त्यांना कशाला ठाऊक असणार, मीही तोवर कधी वापरलं नव्हतं. म्हणाले, "धूर दिसायलाय." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला नजरेचा नंबर जुळवायची बारीक चकती असते, ती मी नखानं सरकवत गेलो. ते एक डोळा गच्च मिटून उभे. "आजून न्हाई... आजून न्हाई... थांब."

बराच वेळ त्यांनी कॅमेरा सोडला नाही. मग म्हणाले, "वरची तुटकी पायरी बी आलीय की. पण पाय कामून तोडलेस?"

खरंच तोडले होते, घोट्याच्या वर. मी दोन पावलं मागं गेलो, पुन्हा डोळा लावला, चपला चौकटीत घेतल्या आणि दुसरा काढला. तो त्यांना पसंत पडला.

घरी येऊन सोनीतला फोटो कॉम्प्युटरवर उघडला. मित्र खोटं बोलला नव्हता. डोळ्यांवर फोकस इतका चोख की पापण्या मोजाव्यात. आणि डाव्या कडेला त्याच्याच मोटारसायकलचा आरसा, अर्धा हँडल, त्यावर लटकणारी पाण्याची बाटली. चौकटीच्या कडेला काय शिरलंय हे बघायचं काम कुठल्याच कॅमेऱ्याचं नाही, ते माझं. आणि ते करायला मला भर उन्हात काहीतरी दिसावं लागतं.

एवढंच कारण. यासाठी मी वहीतला निकाल फिरवला.

आता तुमचे प्रश्न येणारच. स्क्रीनवर लावायचं हूड मिळतं. मिळतं, मी बघितलं, डबा चिकटवून फिरल्यासारखं वाटतं. सकाळी लवकर जा, संध्याकाळी जा. बारवेच्या तळाशी ऊन पोचतं तेच मुळी सूर्य डोक्यावर आल्यावर, आणि आपल्याकडची लग्नं दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला लागतात, तीही मे महिन्यात. मुहूर्त बदलून घ्यायची माझी पोच नाही. मोबाईलवर काढत होताच की! होतो. मोबाईलची स्क्रीन उन्हात पुष्कळ बरी दिसते, हेही मान्य. मग मोबाईलच का नाही, यावर माझ्याकडं तुम्हाला पटेल असं उत्तर नाही. हौस आहे.

व्हिडिओचं म्हणाल तर सप्ताहातली कीर्तनं यूट्यूबवर टाकणाऱ्यांनी मला विचारूच नये, सरळ सोनी घ्यावा. मंडपात सावली असते, आवाज कानाला लावून तपासता येतो, लेन्स स्वस्तात जास्त मिळतात. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि तरी गावभर "सर कॅननचे" असंच होऊन बसलंय.

पण वही लिहिणारा तो मी अजून गप्प बसत नाही. त्याचं म्हणणं असं: तू उन्हासाठी कॅनन घेतलास, आणि ज्या बारवांसाठी हा सगळा खटाटोप, तिथं तळाशी तुझी लेन्स अपुरी. मग काय केलंस? यावर मी त्याला कॅननची आरएफ-एस १०-१८ ही लेन्स दाखवतो. २०२३ च्या अखेरीस आलेली, दीडशे ग्रॅमची, बारवेला अगदी हवी तशी. तो विचारतो, घेतलीस का? नाही घेतली. दोन फोटो शेजारी शेजारी काढतो आणि कॉम्प्युटरवर जोडतो. जोड कधी दिसतो, कधी नाही. तो म्हणतो, त्या लेन्सची किंमत मिळवून पुन्हा बेरीज कर. मी केलेली नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

माझ्याही बाजूनं एक गोष्ट आहे जी त्याच्या वहीत बसत नाही. कॅमेरा हातभर लांब धरून उभं राहिलं की लग्नात लोक मधून चालत जातात, ताट घेऊन, पोरं घेऊन. डोळ्याला लावला की थांबतात, वाकून जातात, "फोटो काढायलेत रे" म्हणतात. याला किती गुण द्यायचे? यात मिरवायची हौस आहे का? असेल. स्टुडिओवाल्याचा मुलगा आहे मी. पण मधून माणूस न गेल्यामुळं फोटो मिळतो, हेही तितकंच खरं.

वडिलांना कॅनन दाखवला तेव्हा त्यांनी डोळा लावला, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, "ह्यात उजवं उजवीकडंच दिसतंय." यशिकात सगळं उलटं दिसायचं ना, डावीकडचं उजवीकडं. त्यांना ते चुकल्यासारखं वाटलं. कॅमेरा चांगला की वाईट, यावर अवाक्षर नाही.

ताजी खबर अशी की शूटिंगवाला मित्र आता झेडव्ही-ई १० चं दुसरं मॉडेल घेतोय, जुलै २०२४ मध्ये आलेलं. मेगापिक्सेल २६, बॅटरी मोठी. व्ह्यूफाइंडर त्यालाही नाही, मी आधी तेच बघितलं. जुना सोनी विकायचा म्हणतो, १६ पासूनच्या त्या लेन्ससकट, वर जास्तीच्या बॅटऱ्या. "सर, तुम्हाला म्हणून," असं म्हणून त्यानं एक भाव सांगितलाय. मी अजून नाही म्हटलेलं नाही. घरी यातलं काही माहीत नाही, तेव्हा पुढच्या वेळी प्रश्न विचारायचाच असेल तर तो शाळेत विचारा.